‘अभ्यासासाठी’ घेतलेला पीसी

पीयूसीचा निकाल लागला की आपल्याकडे घराघरांत एक ठरलेलं संभाषण होतं. पोरगं म्हणतं, "कॉम्प्युटर पाहिजे." वडील विचारतात, "कशाला?" उत्तर एकच असतं, "अभ्यासाला." वडिलांना संशय असतो, आईला खात्री असते, पण कुणी पुढे काही विचारत नाही. पोरगं इंजिनिअरिंगला किंवा बीसीएला जाणार असतं, त्यामुळे ‘अभ्यास’ हा शब्द घरात चालून जातो. मग एका रविवारी सगळे मिळून दुकानात जातात, आणि ‘अभ्यासाला’ म्हणून एक रंगीत दिव्यांचा, काचेच्या दाराचा डबा घरी येतो.

आमच्या निपाणीच्या मामांच्या घरी हेच झालं. त्यात माझाही हात होता, म्हणून हा लेख लिहायचा हक्क मला आहे असं मी धरून चालते.

वाङ्मय मंडळाच्या अंकात गेमिंग पीसीवर लेख कशाला, असं काहींना वाटेल. माझं उत्तर साधं आहे. या विषयावरचं चांगलं लिखाण जवळजवळ सगळं इंग्रजीत आहे आणि पैसे देणारी माणसं, म्हणजे आपले आईवडील आणि मामा-काका, मराठीत विचार करणारी आहेत. दुकानावरची पाटी कन्नडमध्ये, बिल इंग्रजीत, बोलणं मराठी-हिंदी-कन्नड असं तिन्ही मिसळून, आणि यात पन्नास-साठ हजार रुपये इकडून तिकडे जातात. एवढी मोठी खरेदी आपल्या भाषेत नीट समजून घेता येऊ नये, हे मला पटत नाही.

आता काय घडलं ते सांगते.

२०२४ च्या जूनमध्ये माझ्या मामेभावाने पीसी मागितला. मला फोन करून म्हणाला, "अक्का, तू पप्पांना सांग की आता कॉलेजला कंपल्सरी आहे." मी सांगितलं. मला ठाऊक होतं की त्याला फोर्झा होरायझन खेळायचंय, मित्रांबरोबर व्हॅलोरंट खेळायचंय. मला स्वतःलाही खेळायचं होतं, सुट्टीत मी तिथेच असते. धर्मशिक्षणाच्या वर्गात आठवी आज्ञा आम्ही दोघांनी पाठ केलेली, तरी खोटं बोलताना जीभ अडखळली नाही. मामांनी अडतीस हजार काढून दिले. मामा तंबाखूच्या वखारीत काम करतात. अडतीस हजार म्हणजे त्यांच्या घरात काय, हे मी लिहायला नको.

दुकानात आम्ही तेच वाक्य पुन्हा म्हटलं, "अभ्यासाला पाहिजे, थोडे गेमही चालले पाहिजेत." दुकानदाराने एक तयार पीसी दाखवला. बाहेर कागद चिकटवलेला: कोअर आय७, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, एसएसडी. मामांनी फक्त ‘आय७’ एवढंच लक्षात ठेवलं, कारण तीनपेक्षा पाच मोठा आणि पाचपेक्षा सात मोठा. भावाने ‘४ जीबी ग्राफिक्स’ लक्षात ठेवलं. मी काय लक्षात ठेवलं? काहीच नाही. दुकानदार माझ्याशी बोललाच नाही, सगळं भावाला सांगत होता, आणि मीही गप्प राहिले.

घरी येऊन फोर्झा टाकला तर तो धड सुरूच होईना. तेव्हा कुठे मी आत काय आहे ते पाहायला बसले.

तो आय७ म्हणजे आय७-३७७०. म्हणजे तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर, २०१२ साली बाजारात आलेला. चार कोर, आठ थ्रेड. आता २०२२ साली आलेला आय३-१२१०० घ्या. त्यालाही चार कोर आणि आठ थ्रेडच आहेत, पण तो या आय७ च्या बराच पुढे आहे. नावात ‘३’ असलेला नवा प्रोसेसर नावात ‘७’ असलेल्या जुन्याला सहज मागे टाकतो. सात हा आकडा फक्त त्या-त्या वर्षाच्या वर्गातला नंबर सांगतो, वर्ग कुठल्या सालचा ते सांगत नाही. साल कळतं ते पुढच्या आकड्यांतून. ३७७० मधला पहिला ३ म्हणजे तिसरी पिढी, १२१०० मधले पहिले १२ म्हणजे बारावी. एवढं एकच वाचता आलं असतं तरी आमचे पैसे वाचले असते.

ग्राफिक्स कार्ड होतं जीटी ७३०. हे २०१४ चं. त्यावर ४ जीबी मेमरी होती, त्यामुळे कागदावर खोटं काही नव्हतं. पण त्याच २०१४ साली जीटीएक्स ९७० नावाचं कार्ड आलं, त्यालाही ४ जीबीच मेमरी होती. जीटी ७३० मध्ये काम करणारे कोर जास्तीत जास्त ३८४, आणि जीटीएक्स ९७० मध्ये १,६६४. मेमरी म्हणजे गोदामाची जागा आणि कोर म्हणजे हमाल. गोदाम तेवढंच मोठं ठेवून हमाल चौपट केले तर माल किती लवकर हलेल, हे वखारीत काम करणाऱ्या माणसाला समजवावं लागत नाही. फोर्झा होरायझन ५ ला कमीत कमी जीटीएक्स ९७० लागतं असं त्या गेमच्या पानावरच लिहिलेलं आहे. आम्ही ते पान आधी उघडलंच नव्हतं, कारण आम्ही तर ‘अभ्यासाला’ पीसी घेत होतो!

माझा मुद्दा इथेच आहे. फसवणूक दुकानात सुरू झाली नाही, ती घरात सुरू झाली. आम्ही खरं कारण सांगितलं नाही म्हणून योग्य प्रश्न विचारता आला नाही. फोर्झा पाहिजे हे मामांसमोर म्हणायची सोय नव्हती, म्हणून दुकानदारासमोरही म्हणता आलं नाही. ‘अभ्यास’ या शब्दाला शोभेल अशी वस्तू म्हणजे मोठा प्रोसेसर. ग्राफिक्स कार्ड म्हटलं की गेमचा वास येतो. म्हणून अशा घरांत पैसे प्रोसेसरच्या आकड्यावर जातात आणि गेमसाठी सगळ्यात गरजेचा जो भाग, त्यावर उरतील तेवढे खर्च होतात. दुकानदार हे ओळखून असतो. त्याने आमच्या खोट्याला साजेसा डबा आम्हाला दिला. दुकानाचं नाव मी लिहीत नाही, कारण त्याने कागदावर खोटं लिहिलं नव्हतं. आम्ही विचारलं नाही ते त्याने सांगितलं नाही, एवढंच.

ज्या दिवशी मी हे सगळं मामांना सांगितलं, त्या दिवशी ते चिडतील असं वाटलं होतं. ते फक्त म्हणाले, "बोदाचं वरचं पान बघून कुणी भाव करतंय काय?"

बोद म्हणजे तंबाखूचं बांधलेलं मोठं गाठोडं. वर चांगली पानं दिसतात. पण जाणकार माणूस मध्ये हात घालतो, आतलं पान ओढतो, वास घेतो, चुरगाळून बघतो, आणि मग भावाचं बोलतो. निपाणीत भाव आणि पारख हे विषय लहान पोरांनाही माहीत असतात. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली इथल्या शेतकऱ्यांनी तंबाखूच्या रास्त भावासाठी महामार्ग अडवून धरला होता, ते गाव हे. आणि त्या गावातल्या वखारीत आयुष्य घालवलेला माणूस पीसीचं वरचं पान बघून पैसे देऊन आला, कारण आतल्या पानांची नावं त्याला कुणी त्याच्या भाषेत सांगितली नव्हती.

म्हणून आता ती आतली पानं सांगते. तयार गेमिंग पीसीच्या जाहिरातीत दोन नावं मोठ्या अक्षरात असतात, प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड. ती दोन्ही पूर्ण वाचायची. नुसतं ‘आय५’ नाही, पुढचे सगळे आकडे आणि शेवटचं अक्षरही. शेवटी ‘एफ’ असेल तर त्या इंटेल प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स नसतं. उद्या कार्ड बिघडलं तर स्क्रीनवर काहीच दिसणार नाही. कार्डाचंही तसंच. ‘आरटीएक्स ३०५०’ या एकाच नावाने ८ जीबीचं आणि ६ जीबीचं अशी दोन कार्डं विकली जातात, आणि ६ जीबीच्या कार्डात फक्त मेमरी कमी नाही, कोरही कमी आहेत. नाव सारखं, माल वेगळा.

पण खरी गंमत जाहिरातीत नसलेल्या चार वस्तूंत आहे.

पहिली एसएमपीएस. म्हणजे भिंतीतली वीज पीसीच्या कामाची करून देणारी पेटी. तयार पीसीमध्ये सगळ्यात जास्त काटकसर इथे होते, कारण ती कुणी विचारत नाही. आमच्या डब्यात बिननावाची ‘४५० वॅट’ होती. तिच्या बाजूच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात अँपिअर लिहिलेले असतात. त्या आकड्याला १२ ने गुणायचं. प्रोसेसर आणि कार्ड मुख्यतः याच वाटेने वीज घेतात. १६ अँपिअर असतील तर १९२ वॅट झाले, मग वरचा ४५० हा आकडा शोभेला आहे असं समजायचं. ‘८० प्लस’ हे चिन्ह असलं तर चांगलं, पण तेही वीज किती वाया जात नाही एवढंच सांगतं, पेटी किती मजबूत आहे ते नाही. म्हणून कंपनीचं आणि मॉडेलचं नाव विचारायचं आणि तिची वॉरंटी किती वर्षांची ते बघायचं. ज्या कंपनीला आपल्या मालाची खात्री असते ती पाच वर्षंही वॉरंटी देते.

दुसरी रॅम. १६ जीबी एका पट्टीत आहे की ८-८ च्या दोन पट्ट्यांत, हे विचारायचं. दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसरला मेमरीकडे जायला दोन रस्ते मिळतात आणि बऱ्याच गेममध्ये फरक कळतो. वेगळं कार्ड नसलेल्या पीसीत तर हा फरक फारच मोठा असतो. रॅम डीडीआर४ आहे की डीडीआर५, हेही विचारायचं, कारण एकाची पट्टी दुसऱ्याच्या बोर्डावर बसत नाही. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव खूप चढलेत. त्यामुळे ‘आत्ता एक पट्टी घ्या, पुढे दुसरी टाकू’ हा दुकानातला सल्ला आता महागात पडू शकतो.

तिसरा मदरबोर्ड. पुढे कार्ड बदलता येईल का, रॅम वाढवता येईल का, हे तो ठरवतो. काही मोठ्या कंपन्यांच्या तयार पीसीत बोर्ड आणि एसएमपीएस त्यांच्याच मापाचे असतात, बाजारातला दुसरा भाग त्यात बसतच नाही. ते वाईटच असतं असं नाही, पण घेताना माहीत पाहिजे.

चौथी साठवण. नुसतं ‘एसएसडी’ म्हटलं तर दोन प्रकार असू शकतात. साटा एसएसडी सेकंदाला साधारण ५५० एमबीपर्यंत वाचते, एनव्हीएमई त्याच्या कितीतरी पट. मात्र गेम खेळताना या दोघींत जाणवणारा फरक तेवढा मोठा नसतो. त्यामुळे पैसे कमी असतील तर वेगापेक्षा जागा बघावी. फोर्झा होरायझन ५ एकट्यालाच शंभर जीबीच्या वर जागा लागते. आमच्या पीसीत २५६ जीबी होती. विंडोज आणि एक गेम टाकला की घर भरलं.

यावरून कुणी म्हणेल, मग तयार पीसी घेऊच नये, एकेक भाग निवडून असेंबल करावा. भावाचे मित्र तेच म्हणतात, आणि तयार पीसी घेणाऱ्याला हसतात. मला हे पटत नाही. प्रत्येकाला दहा भागांची माहिती काढायला वेळ नसतो आणि हौसही नसते. तयार पीसीत एक बिल, एक फोन नंबर, आणि सगळं जुळवून, चालवून पाहिलेलं असतं. ज्या घरात कॉम्प्युटर उघडणारं कुणी नाही, त्या घराला हे मोलाचं आहे. आणि आपल्या भागात ‘तयार’ आणि ‘असेंबल’ यांत फार अंतरही नाही. बरेच तयार पीसी दुकानदारानेच मागच्या खोलीत जोडलेले असतात. म्हणून भांडण तयार विरुद्ध असेंबल असं नाहीच. नावासकट विकलेला पीसी आणि बिननावाने विकलेला पीसी, असं आहे. दुकानदार प्रत्येक भागाचं पूर्ण नाव बिलावर लिहून देत असेल तर तयार पीसी खुशाल घ्या. "ते सगळं चांगलंच टाकलंय की" असं म्हणून टाळत असेल तर बाहेर पडा.

बिलावरून आठवलं. आपल्या सीमाभागात एक समज अजून आहे की कोल्हापुरात स्वस्त मिळतं, किंवा कोल्हापूरकडच्यांना वाटतं बेळगावात स्वस्त मिळतं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हापासून करापुरता हा फरक संपला. कॉम्प्युटरवर दोन्ही राज्यांत १८ टक्केच. निपाणीहून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर आणि बेळगाव पाऊणशे. म्हणून निपाणीकर कोल्हापूरला जाणार हे साहजिक आहे, पण जायचं ते जवळ म्हणून, कर कमी म्हणून नव्हे. आणि "बिल नको असेल तर कमी करतो" हे वाक्य ऐकलं की सावध व्हायचं. भागांची वॉरंटी बिलावर आणि सिरीयल नंबरवर चालते. दुकान एक वर्षाची वॉरंटी देत असेल, पण आतल्या कार्डाला कंपनीची साधारण तीन वर्षांची असते. बिल नसेल तर ती उरलेली दोन वर्षं आपण दुकानदाराच्या गल्ल्यात सोडून आलो.

आणखी एक गोष्ट सीमेवरच्या लोकांना फार उपयोगाची आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगातही तक्रार करता येते. म्हणजे वस्तू कोल्हापुरात घेतली असली तरी निपाणीच्या माणसाला बेळगाव जिल्ह्यात दाद मागता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. पण तिथेही पहिला प्रश्न हाच येणार, बिल आहे का?

आता आमच्या पीसीचा शेवट सांगते. २०२५ च्या मे महिन्यात वळवाचा पाऊस आला, वीज दोन-तीनदा गेली-आली, आणि ती बिननावाची एसएमपीएस फट् करून गेली. जाताना बोर्डही घेऊन गेली. दुकानाची एक वर्षाची मुदत संपायला आठ दिवस होते. आम्ही बिल शोधलं, तर हातात होती पावती, तीवर फक्त ‘गेमिंग पीसी १ नग’. भागांची नावं नाहीत, नंबर नाहीत. दुकानदार म्हणाला, विजेने गेलेलं वॉरंटीत येत नाही. आमच्याकडे बोलायला काही नव्हतं.

विजेचंही घरच्यांनी समजून घ्यायला हवं. जुन्या वाड्यांत, जुन्या घरांत तीन भोकांचं सॉकेट असतं, पण अर्थिंगची तार कुठेच जोडलेली नसते. पीसीच्या कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येत असतील तर ती त्याचीच खूण. आधी इलेक्ट्रिशियन बोलवा, मग पीसी आणा. यूपीएस घेतला तर तो खेळायला नव्हे, नीट बंद करायला घ्यायचा. ६०० व्हीएचा साधा यूपीएस बहुधा ३६० वॅटचाच असतो, आणि खेळ चालू असताना वीज गेली तर तो काही मिनिटंच टिकतो. स्वस्त इन्व्हर्टरच्या विजेची लहर चौकोनी असते आणि काही चांगल्या एसएमपीएसना ती मानवत नाही, म्हणून घेताना ‘साइन वेव्ह’ आहे का ते विचारावं. आणि ढग गडगडायला लागले की प्लग काढावा, इंटरनेटची वायरसुद्धा.

पीसी गेल्यावर महिनाभर घरात कुणी त्याचं नाव काढलं नाही. मग एका रविवारी मिस्सा आटोपून आम्ही सगळे जेवायला बसलो होतो, तेव्हा भावानेच सांगून टाकलं. "पप्पा, मला अभ्यासाला नको होता. अभ्यास कॉलेजच्या लॅबमध्ये होतोय. मला गेम खेळायला पाहिजे होता." मीही म्हटलं, "मामा, मीही खोटं बोलले." मामी लगेच म्हणाल्या, "गेम खेळून कुणाचं भलं झालंय?" मामा मात्र बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "लहानपणी तुला बॅट आणून दिली तेव्हा मी विचारलं होतं काय, अभ्यासाला हाय का म्हणून?"

त्या दिवसापासून गोष्ट सोपी झाली, कारण खरे प्रश्न विचारता आले. कोणते गेम? भावाने पाच नावं लिहिली. आम्ही प्रत्येक गेमच्या पानावर जाऊन लागणाऱ्या भागांची यादी काढली. त्यात कळलं की व्हॅलोरंटसारख्या गेमला मोठं काही लागतच नाही. जीटी ७३० वरही तो चालतो, आमच्याकडे चालतही होता. भाव तेवढाच खेळत असता तर निम्म्या पैशांत काम झालं असतं. पण फोर्झाला लागतं. मग दुसरा प्रश्न, कुठल्या स्क्रीनवर? घरात ६० हर्ट्झचा मॉनिटर आहे, तो सेकंदाला ६० चित्रंच दाखवतो. मग सेकंदाला दोनशे चित्रं काढणारं कार्ड घेऊन ती दाखवायची कुठे? तिसरा प्रश्न, पैसे किती आणि कुठून? भावाने सुट्टीत एका झेरॉक्सच्या दुकानात काम करून थोडे जमवले, उरलेले मामांनी दिवाळीच्या बोनसमधून द्यायचं कबूल केलं. आणि मामींची अट, रात्री दहानंतर पीसी बंद. तीही कागदावर लिहिली.

२०२५ च्या दिवाळीच्या आधी आम्ही पुन्हा तयार पीसीच घेतला, दुसऱ्या दुकानातून. या वेळी कागद माझ्या हातात होता. प्रोसेसर आय५-१२४००एफ, कार्ड आरटीएक्स ४०६०, रॅम ८-८ च्या दोन पट्ट्या, एक टीबी एनव्हीएमई, आणि नावाजलेल्या कंपनीची ५५० वॅटची एसएमपीएस, कारण त्या कार्डाच्या कंपनीनेच तेवढी सुचवली आहे. प्रत्येक नाव बिलावर, सिरीयल नंबरसह. दुकानदाराला मामांनी सांगितलं, "बाजूची काच काढा." आणि काच काढल्यावर त्यांनी एकेक भागावरचं नाव बिलाशी ताडून बघितलं. इंग्रजी अक्षरं त्यांना सावकाश लागतात, पण लागतात. दुकानदार पंधरा मिनिटं उभा राहिला. पहिल्यांदाच मला वाटलं की मामा आपल्या वखारीत उभे आहेत.

घरी आल्यावर करायच्या तीन गोष्टी सांगते, कारण त्या बऱ्याच जणांच्या राहून जातात. मॉनिटरची केबल बोर्डाला नव्हे, ग्राफिक्स कार्डाला लावायची. नाहीतर महागडं कार्ड आत नुसतं बसून राहतं. मॉनिटर १४४ हर्ट्झचा असेल तर विंडोजच्या सेटिंगमध्ये जाऊन तो आकडा निवडावा लागतो, आपोआप होईलच असं नाही. आणि टास्क मॅनेजर उघडून मेमरीच्या पानावर किती स्लॉट भरलेत आणि वेग किती दाखवतोय ते बघावं. वेग पाकिटावर लिहिल्यापेक्षा कमी दिसला तर दुकानदाराकडून बायोसमधलं सेटिंग करून घ्यावं. त्याला पाच मिनिटं लागतात.

जुन्या आय७ चं काय झालं? एखाद्याने बोर्ड टाकून तो पुन्हा उभा केला असता, तर खरोखरच अभ्यासाला चालला असता. पण विंडोज ११ तो प्रोसेसर मानत नाही आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबला. मामांनी तो डबा अजून माळ्यावर ठेवलाय.

मामींचा प्रश्न मात्र मला सोडून देता येत नाही. गेम खेळून कुणाचं भलं झालंय? मी साहित्याची विद्यार्थिनी आहे आणि कादंबरी वाचून कुणाचं भलं झालंय हा प्रश्न मलाही घरी विचारतात. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या कंपनीने २०२० साली ‘राजी’ नावाचा गेम काढला. त्यात एक मुलगी आपल्या हरवलेल्या धाकट्या भावाला शोधत फिरते. तो खेळताना मला गोष्ट ऐकल्यासारखंच वाटलं. सगळेच गेम असे नसतात, जशी सगळीच पुस्तकं चांगली नसतात. वेळ वाया जातो हेही खरं, आणि दहा वाजताची अट योग्यच आहे. पण खेळ ही लपवायची गोष्ट नाही. आणि पैसे नाहीत म्हणून घरच्यांनी ‘नाही’ म्हटलं, तर त्या ‘नाही’चाही मान ठेवता आला पाहिजे. खोटं बोलून मिळवलेल्या ‘हो’पेक्षा ते बरं. आमचे अडतीस हजार त्या ‘हो’मध्येच गेले.

यंदाही निकाल लागेल आणि तुमच्यापैकी कुणाच्या तरी घरी हे संभाषण होईल. दुकानात जायच्या आधी घरात एकदा खरं बोला. कोणते गेम, कुठल्या स्क्रीनवर, किती पैशांत, एवढ्या तीन ओळी मराठीत लिहून वडिलांच्या हातात द्या. मग त्यांना बरोबर घेऊन दुकानात जा, आणि काच उघडायला लावा. पारख त्यांना आपल्यापेक्षा जास्त असते. फक्त पान कुठलं ओढायचं, तेवढं आपण सांगायचं असतं.